झेरॉक्स द्यायची, पण कशासाठी?

नागपुरात आमच्या प्रतापनगरातल्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक काचेचा फलक आहे. पाणी कधी येणार नाही, गणपतीची वर्गणी किती, असलं सगळं त्यावर लागतं. मागे एकदा सेक्रेटरींनी तिथे मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लावली. फ्लॅट नंबर, नाव, रक्कम आणि, का कोण जाणे, मोबाईल नंबरसुद्धा. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका हातात डेटा संरक्षण कायद्याचा प्रिंटआउट घेऊन खाली उतरले. "हे काय करून राहिले तुम्ही लोक? प्रायव्हसीचा भंग आहे हा. अडीचशे कोटी दंड आहे, माहीत आहे का?" सेक्रेटरींचा चेहराच उतरला. सोसायटीच्या खात्यात तेव्हा लाखभर रुपयेही नव्हते.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यामुळे असल्या वेळी आमच्या दाराची बेल वाजतेच. खुर्ची देऊन मला मधोमध बसवलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आदला रविवार होता. वर्धा रोडवरच्या एका मॉलमध्ये हेच काका गाडीच्या लकी ड्रॉचं कुपन भरत होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाईल, लग्नाचा वाढदिवस, वार्षिक उत्पन्न. एकही रकाना त्यांनी रिकामा सोडला नव्हता.

काकांची थट्टा करायची म्हणून हे सांगत नाही. आपलं सगळ्यांचंच थोडंफार असं आहे. जिथे हक्क तोकडा आहे तिथे आपण कायदा काढतो आणि जिथे तो भक्कम आहे तिथे पेन काढतो. यादीचं काय झालं ते पुढे सांगते, आधी हा हक्क आला कुठून ते पाहू.

नऊ न्यायाधीश, त्यातले एक आपल्याकडचे

राज्यघटनेत प्रायव्हसी हा शब्द कुठेच नाही. १९५४ मध्ये आठ आणि १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांच्या पीठांनी असा वेगळा हक्क घटनेने दिलेला नाही, अशा अर्थाचे निकाल दिले होते. पुढे २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधार योजनेविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा सरकारने हेच जुने निकाल पुढे केले. मग प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो आहे.

त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. इथल्याच खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केलेले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. या खटल्यात त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. २०१५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवणाऱ्या तिघांतही ते होते. नागपूरकराने प्रायव्हसीवर बोलताना एवढा अभिमान मिरवायला हरकत नाही.

या निकालाबद्दलचा गैरसमज असा, की तो झाला म्हणजे आता कुणीही माझं नाव घेतलं तरी कोर्टात खेचता येईल. मूलभूत हक्क हा मुख्यतः सरकारच्या हाताला घातलेला लगाम असतो. दुकानदार, अ‍ॅपवाली कंपनी, दवाखाना यांच्याशी रोजचा व्यवहार होतो तिथे नियम ठरवायला वेगळा कायदा लागतो. तो आला ऑगस्ट २०२३ मध्ये: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ज्याला आम्ही वकील आळसाने डीपीडीपी म्हणतो. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. तक्रारी ऐकणारं डेटा संरक्षण मंडळ उभारायची कलमं लगेच सुरू झाली, पण कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या आणि आपले बहुतेक हक्क लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. ती संपते मे २०२७ मध्ये. म्हणजे काकांनी आणलेला प्रिंटआउट खरा होता, पण गाडीचं बुकिंग झालंय आणि डिलिव्हरी बाकी आहे, अशातला प्रकार.

आणि ते अडीचशे कोटी? ती कमाल मर्यादा आहे आणि तीसुद्धा डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर केली तर. मंडळाने चूक किती मोठी, किती काळ चालली, नुकसान काय झालं, हे सगळं तोलून रक्कम ठरवायची आहे. शिवाय हा दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचा डेटा फुटला त्याला या कायद्याखाली भरपाईचा एक रुपयाही मिळत नाही. आधीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ कलमाखाली निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येते. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलमही वगळलं जाणार. मला हे मुळीच पटत नाही. ज्याची चोरी झाली त्याच्या हातात पावतीच नाही, असा हा हिशेब आहे.

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. बोलणारा माणूस बहुधा सरळमार्गी असतो, म्हणून त्याला वाटतं की खासगीपणा ही काळा पैसा किंवा भानगडी असणाऱ्यांची गरज.

माझ्या भाचीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिने शहरातल्या एका लॅबमध्ये रक्त दिलं, फॉर्मवर मोबाईल नंबर लिहिला. रिपोर्ट आला, तो तिने नवऱ्याला आणि आईला सांगितला. बाकी कुणाला तीन महिने सांगायचं नाही असं ठरलं होतं. आठ दिवसांनी ती आंघोळीला गेलेली असताना फोन वाजला आणि सासूबाईंनी उचलला. "अभिनंदन मॅडम! बाळाच्या नाळेतलं रक्त साठवण्याची आमची योजना आहे." घरात गोड बातमी कळली ती अशी. लॅबने नंबर दिला की काउंटरवरच्या कुणी विकला, ते शेवटपर्यंत समजलं नाही. पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिसऱ्या महिन्यात ते राहिलं नाही. फोन मात्र येत राहिले, हिशेब ठेवून. आता पाचवा लागला असेल मॅडम. आता सातवा.

गरोदर असण्यात लपवण्यासारखं काही नसतं. तिने ती माहिती रक्त तपासायला दिली होती, एवढंच. ती दुसऱ्या कामाला जुंपली गेली.

या सगळ्या कायद्याचा गाभा मला विचाराल तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द ‘गुपित’ नाही. तो आहे ‘कशासाठी’. शेजारणीने पाटोडीच्या रश्श्यासाठी तुमची मोठी कढई नेली, तर ती रस्सा करून परत यायला हवी. तिने ती परस्पर जावेला दिली, जावेने केटरिंगवाल्याला भाड्याने दिली, तर तुम्ही "जाऊ द्या, एकदा दिली ना" म्हणणार नाही. डेटाचं तसंच, फक्त एक अडचण जास्त. कढई एकच असते, माहितीच्या मात्र शंभर प्रती निघतात आणि मूळ तुमच्याजवळच राहतं, म्हणून गेल्याचं कळतही नाही. कायदा म्हणूनच सांगतो की ज्या कामासाठी घेतली तेवढ्यापुरती वापरा, काम संपल्यावर पुसून टाका, आणि फुटली तर ज्याची आहे त्याला कळवा.

‘आय अ‍ॅग्री’ दाबलं, आता काय?

लोकांना वाटतं की एकदा बटण दाबलं की आपण सही करून मोकळे झालो, आता बोलायला तोंड नाही. इथे कायदा लोकांच्या समजुतीपेक्षा बराच उदार आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामाची, समजून घेतलेली, अटीविना आणि स्पष्ट असली पाहिजे. त्यात एक छान उदाहरणच दिलंय. डॉक्टरांशी बोलायचं अ‍ॅप तुमच्या फोनमधली सगळी नावं-नंबरही मागतं आणि तुम्ही दोन्हीला ‘हो’ म्हणता. डॉक्टरांशी बोलायला तुमच्या मेहुण्याचा नंबर लागत नाही. मग तुम्ही ‘हो’ म्हटलं असलं तरी तुमची संमती फक्त वैद्यकीय सेवेपुरतीच धरायची.

दिलेली संमती मागेही घेता येते, आणि देणं जितकं सोपं होतं तितकंच काढून घेणंही सोपं असायला हवं. एका टिचकीत घेतलेली परवानगी रद्द करायला मुंबईच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने अर्ज करा, असं चालणार नाही. आणखी एक, ज्याबद्दल मराठी माणसाने तरी ओरडायला हवं: तुमची माहिती कशासाठी घेतोय हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कंपनीला द्यावा लागेल. त्यात मराठी आहे. सध्या दुकानांच्या पाट्यांवरून जेवढं भांडण होतं त्याच्या चाराणे भांडण जरी यावर झालं तरी पुष्कळ.

पण याचं दुसरं टोकही तितकंच चुकीचं: माझ्या संमतीशिवाय कुणी काही करूच शकत नाही. वर्धा रोडवर अपघात झाला, तुम्हाला बेशुद्ध अवस्थेत मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणलं, तर डॉक्टर तुमची सही घेऊन मग रक्तगट बघणार नाहीत. जीव वाचवणं, साथरोग, आपत्ती, सरकारी अनुदान-सवलत देणं, कोर्टाचा आदेश पाळणं, अशा कामांना संमती लागत नाही. नोकरीतल्या काही गोष्टींनाही नाही. डेटा पुसण्याच्या हक्काचंही तसंच. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. कर्जाचे हप्ते थकलेले, आणि त्यांना बँकेला नोटीस पाठवायची होती की माझी सगळी माहिती डिलीट करा. म्हटलं, दादा, फार हुशारीची कल्पना आहे, पण आपल्या आधी कायदा करणाऱ्यांनाही सुचली होती. कर्ज थकवणाऱ्याच्या मालमत्तेचा शोध घ्यायला कायद्याने सूट ठेवली आहे. आणि खातं बंद केलं तरी ओळखीची कागदपत्रं बँकेला नंतर पाच वर्षं ठेवावीच लागतात, तो मनी लाँडरिंगचा वेगळा कायदा.

दुकानातल्या बिलिंग काउंटरवरचा "मॅडम, नंबर?" हा प्रकार मात्र सरळ आहे. मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल होणारच नाही असं दुकानदाराला म्हणता येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना तसं बजावलंय. मी सीताबर्डीवर, म्हणजे आमच्या बाजारपेठेत, गेले की "नंबर नाही" एवढंच म्हणते. काउंटरवरची मुलगी दोन सेकंद बघते, मग कुठला तरी नंबर टाकून बिल काढते.

आधार: भीतीही चुकीची, बेफिकिरीही

आधारबद्दल दोन टोकं आहेत. एकाला वाटतं की बारा आकडे कुणाला कळले की खातं रिकामं. दुसरा लग्नाच्या हॉलच्या बुकिंगलाही दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स देतो.

२०१८ च्या जुलैमध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार नंबर ट्विटरवर टाकला आणि काय नुकसान करता ते करून दाखवा म्हणाले. लोकांनी त्यांचा मोबाईल, पत्ता, जन्मतारीख असलं बरंच काही शोधून काढलं. ते म्हणाले, ही माहिती आधीच सगळीकडे होती, आधारमधून काही फुटलं नाही. मला विचाराल तर दोन्ही बाजूंनी आपापला मुद्दा सिद्ध केला. नुसता आकडा म्हणजे तिजोरीची किल्ली नाही. पण आकडा, जन्मतारीख, पत्ता, फोटो आणि सही एकाच कागदावर असली की फसवणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं.

हल्ली पोलीस असल्याचं भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळणारे ‘डिजिटल अरेस्ट’चे फोन येतात त्यात हेच दिसतं. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "तो खरा पोलीसच वाटला हो, त्याला माझा आधार नंबर आणि जुन्या घराचा पत्तासुद्धा माहीत होता." भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. आणि तुमचा पत्ता माहीत असणं हा पोलीस असल्याचा पुरावा नाही, तुमच्या झेरॉक्सा खूप ठिकाणी पडून आहेत याचा पुरावा आहे. पैसे गेले असतील तर डेटा मंडळाकडे तक्रार लिहीत बसू नका, तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे तासांचा फरकही मोठा असतो.

आधार कुठे द्यावंच लागतं? सप्टेंबर २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सरकारी अनुदानाच्या योजना आणि पॅन-आयकर यांसाठी ते कायम ठेवलं. बँक खातं आणि मोबाईल सिमसाठी सक्ती रद्द केली, आणि शाळाप्रवेशासाठीही सक्ती नको म्हटलं. नंतर २०१९ च्या दुरुस्तीने बँक आणि सिमसाठी ते आपखुशीने देण्याची वाट मोकळी झाली. आता ‘आपखुशीने’ म्हणजे काय, हे ज्याने काउंटरवर रांगेत उभं राहून पाहिलंय त्याला मी सांगायला नको. हॉटेलात, लायब्ररीत, जिममध्ये ओळख पटवायची असेल तर ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार कार्ड चालायला हवं. आधारच हवं म्हणाले तर ‘मास्क्ड’ आधार द्या. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून उतरवता येतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

झेरॉक्स दुकानाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. कोर्टाजवळच्या दुकानांत मी रोज उभी असते. लोक ई-आधारची फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि तो पासवर्ड विचारायच्या आधीच उघडतो. कारण पासवर्ड ठरलेला आहे: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. प्रिंट निघते, दहा रुपये दिले जातात, आणि फाइल त्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर इतर शेकडो फाइल्सबरोबर पडून राहते. दुकानदार भला माणूस असतो. पण त्याच कॉम्प्युटरवर दिवसभरात पन्नास पेनड्राइव्ह लागतात. मी समोरच फाइल डिलीट करायला लावते, चॅटमधूनही. सुरुवातीला त्याला राग यायचा, आता न सांगता करतो. आणि झेरॉक्सवर आडवं लिहिते: ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख. त्या ओळीत जादू नाही, चोर ती वाचून लाजणार नाही. पण उद्या तोच कागद दुसऱ्याच कर्जाच्या फायलीत सापडला तर माझ्या बाजूने बोलणारा पहिला साक्षीदार तोच.

अंगठ्याचं मात्र वेगळं. पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही. तेलंगण आणि हरियाणात जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे नकली अंगठे बनवून गैरव्यवहार झाल्याची प्रकरणं पोलिसांनी उघड केली आहेत. म्हणून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आधारच्या अ‍ॅपमध्ये सोय आहे, फुकट आहे, आणि गरज पडली की तात्पुरतं उघडता येतं.

नणंद, स्टेटस आणि ते फॉरवर्ड

"उद्यापासून नवा नियम लागू होतोय. माझे फोटो, मेसेज वापरायला मी परवानगी देत नाही. हा मेसेज कॉपी करून आपल्या वॉलवर टाका, नाहीतर संमती दिली असं धरलं जाईल." हा मजकूर माझ्या तीन ग्रुपवर वर्षातून दोनदा येतो, त्यातला एक ग्रुप चक्क वकिलांचा आहे. कंपनीशी झालेला करार भिंतीवर एकतर्फी घोषणा लिहून बदलत नाही. भाडेकरूने दारावर ‘आजपासून भाडं देणार नाही’ असं खडूने लिहावं, तसं ते आहे. काही करायचंच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या बंद करा. तिथे कुणी जात नाही, कारण ते फॉरवर्ड करता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर दोन टोकांच्या मधे कुणी वाचू शकत नाही, हे खरं. पण कुणाशी, कधी, किती वेळा बोललात हा वेगळा डेटा असतो, तो लपत नाही. आणि दुसऱ्या टोकाला माणूस असतो, त्याला स्क्रीनशॉट काढता येतो. दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेलं खासगी राहील ही अपेक्षा म्हणजे सीताबर्डीच्या गर्दीत उभं राहून कानात कुजबुजणं.

घरगुती भांडणांत हा कायदा आणू नका, एवढी माझी विनंती आहे. एका ताईंना नणंदेवर केस करायची होती, कारण नणंदेने साखरपुड्याचे फोटो न विचारता स्टेटसला ठेवले. माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेला डेटा या कायद्याच्या बाहेर आहे. स्वतः जगजाहीर केलेली माहितीही बाहेर. याचा अर्थ कुणीही काहीही करावं असा नाही. चोरून काढलेले नको तसले फोटो, पाठलाग, ऑनलाइन त्रास, यांना भारतीय न्याय संहितेत आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. दार वेगळं आहे, तिथे पोलीस असतात.

"डेटा प्रोटेक्शन आहे, सांगता येत नाही"

आता सगळ्यात चीड आणणारा गैरसमज. हा सामान्य माणसाचा नाही, टेबलामागे बसलेल्यांचा आहे, आणि काहींचा तर गैरसमजही नाही, सोय आहे.

वडील दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्याच सहीचा अर्ज घेऊन मी त्यांच्या केस पेपरची प्रत मागितली. उत्तर आलं, "पेशंटची माहिती गोपनीय असते." अहो, पेशंटच मागतोय! गोपनीयता त्यांच्यासाठी आहे, त्यांच्याविरुद्ध नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. नव्या कायद्यातही आपली कोणती माहिती कुणाकडे आहे, ती पुढे कुणाला दिली, हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा आणि आपल्या मागे हे हक्क कुणी बजावायचे ते नेमून ठेवण्याचा हक्क आहे.

माहिती अधिकाराचं दुखणं जास्त खोल आहे. पूर्वी कलम ८(१)(ञ) असं होतं की एखाद्याची वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली असेल किंवा तिच्यामुळे खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल तर नाकारता येते, आणि तीही मोठं जनहित असेल तर द्यावी लागते. डेटा कायद्याने त्या कलमाला कात्री लावली. आता उरलंय इतकंच: वैयक्तिक माहिती असेल तर सूट. रस्त्याच्या कंत्राटदाराचं नाव, नोकरीसाठी लावलेलं जातप्रमाणपत्र, योजनेच्या लाभार्थ्यांची यादी, कशालाही वैयक्तिक म्हणता येतं. पण अर्ज करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) शिल्लक आहे. नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात आणि अपिलात जनहित काय ते नेमकेपणाने मांडा, तसं लिहिल्याशिवाय राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेलं प्रकरण लंगडं पडतं.

आणि सरकार स्वतः? केंद्राला सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या यंत्रणांना या कायद्यातून पूर्ण बाहेर ठेवता येतं. चौकाचौकात कॅमेरे असलेल्या शहरात आपण राहतो. राज्य पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं घडवणारी ‘मार्व्हल’ ही सरकारी कंपनी २०२४ मध्ये नागपुरातच सुरू झाली. गुन्हा उलगडायला हे उपयोगाचं आहे, मी नाकारत नाही. पण लिफ्टशेजारच्या यादीवर जेवढी आपली नजर असते, त्याच्या निम्मी तरी तिकडे असावी असं मला वाटतं. तिथे नऊ न्यायाधीशांचा तो निकालच आपल्या कामाला येणार आहे.

तर, ती यादी. सोसायटीने सभासदांची माहिती कॉम्प्युटरवर ठेवली असेल तर नवा कायदा तिलाही लागू होऊ शकतो, काका तिथे अगदीच चूक नव्हते. पण मेंटेनन्स वसूल करणं हे सोसायटीचं कामच आहे, नाव आणि थकबाकी त्या कामासाठीच तिच्याजवळ आहे, आणि फलक आतल्या भिंतीवर, सभासदांपुढे आहे. माझ्या मते तेवढं चालतं. मोबाईल नंबरांचं तिथे काहीच काम नव्हतं. रोज वीस डिलिव्हरीवाले त्या लिफ्टने जातात. सेक्रेटरींनी यादी काढली, शेवटचा रकाना कात्रीने कापला आणि उरलेली परत लावली. काकांनी चौथ्या दिवशी पैसे भरले. लकी ड्रॉवाल्यांचे फोन त्यांना अजून येतात, बहुधा गोव्याच्या हॉलिडे पॅकेजसाठी.

परवा सदरमध्ये एका ऑफिसात गेले होते. दारावर सिक्युरिटीवाल्या दादांनी रजिस्टर पुढे सरकवलं: नाव, मोबाईल, कुणाला भेटायचं, सही. कागदी वही आहे, ती पुढे कॉम्प्युटरवर चढत नसेल तर डिजिटल डेटाचा कायदा तिला लागू नाही, हे मला पाठ आहे. तरी सवयीने विचारलं, "दादा, मोबाईल नंबर कशासाठी?"

"मले का मालूम मॅडम. सायबाईनं ठेवलं हाये. लिहून द्या ना काहीबी."

मी वही जवळ ओढली. वरच्या सहा ओळींत सहा वेगळी नावं होती आणि मोबाईल नंबर सहाही ठिकाणी एकच.